९ मिमी कार्बाइन वारंवार अडकते? आधी पुंगळी बघा, मग स्प्रिंग बदला

रेंजवर पहिली दोन मॅगझिन सुरळीत जातात. तिसऱ्यात मधेच चाप दाबावा तर नुसता ‘टिक्’. किंवा बोल्ट अर्ध्यावर थांबलेला आणि बाजूच्या खिडकीतून (जिथून पुंगळी बाहेर पडते) रिकामी पुंगळी डोकावतेय. बोल्ट खेचला, पुंगळी पडली, पुढच्या वीस गोळ्या नीट गेल्या की माणूस विसरून जातो. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग वैतागून एकाच दिवशी स्प्रिंग बदलली जाते, जड बफर (बोल्टमागचे वजन) टाकला जातो आणि गोळ्याही दुसऱ्या ब्रँडच्या येतात. तक्रार गेली तर कशामुळे गेली ते कळत नाही, आणि महिन्याने परत आली तर सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही.

इथे बोलतोय ते अमेरिकेत ‘पीसीसी’ नावाने विकल्या जाणाऱ्या, पिस्तुलाची गोळी चालवणाऱ्या कार्बाइनबद्दल. त्यातही मुख्यतः एआर (एआर-१५ रायफलीसारख्या) धाटणीच्या, ग्लॉकची मॅगझिन घेणाऱ्या ९ मिमीबद्दल, कारण सर्वांत जास्त तक्रारी तिच्याच असतात. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर असल्याने खासगी परवानाधारकाला हा प्रश्न पडतच नाही. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी मात्र हत्यार उघडण्याआधी कायद्याची एक बाब. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक वा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. मित्राची कार्बाइन ‘जरा साफ करून देतो’ म्हणून घरी आणणे हेही बाळगण्यातच मोडू शकते, हे लक्षात असू द्या.

ही चालते कशी

यातल्या बहुतेक कार्बाइन साध्या ब्लोबॅक तत्त्वावर चालतात. रायफलीत बोल्ट नळीला कुलुपासारखा अडकतो आणि दाब उतरल्यावरच सुटतो. इथे कुलूप नाही. बोल्टला जागेवर धरून ठेवते ते फक्त त्याचे वजन, बफरचे वजन आणि मागची स्प्रिंग. बार उडाला की पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. त्यामुळे गोळीची ताकद, हलत्या भागांचे वजन आणि स्प्रिंगचा जोर या तिघांचा हिशोब जुळावा लागतो. पिस्तुलापेक्षा या बंदुका जड का, धक्का अपेक्षेपेक्षा जास्त का, आणि इतक्या लवकर काळ्या का होतात, या सगळ्याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. नळीत थोडा दाब उरलेला असतानाच पुंगळी मागे सरकू लागते, त्यामुळे काजळी आत येते. डावखुऱ्या माणसाच्या तोंडावर तर थेटच येते.

म्हणून ‘ही कार्बाइन भरवशाची आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे. भरवसा असतो तो अमुक कार्बाइन, अमुक मॅगझिन आणि अमुक गोळी या जोडणीचा. जोडणीतला एक भाग बदलला की आधीचा भरवसा तसाच गृहीत धरता येत नाही.

अडकली की आधी हात थांबवा

अडकल्याबरोबर चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) खेचायची सवय चांगली आहे, पण ती सरावात. निदान करताना ती पुरावा नष्ट करते. नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, सेफ्टी लागत असेल तर लावा, आणि खिडकीतून आत बघा. शक्य असल्यास शेजारच्याला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. बोल्ट कुठे थांबलाय, पुंगळी कुठे आहे, वरची जिवंत गोळी मॅगझिनमधून सुटली आहे की नाही, आणि सुटली असेल तर तिचे टोक कुठे टेकलेय, एवढे बघून मगच मॅगझिन काढा. मॅगझिनवर पेंट मार्करने टाकलेला आकडाही लिहून ठेवा. आकडे टाकलेले नसतील तर तेच पहिले काम. ‘कधी कधी अडकते’ ही तक्रार बऱ्याचदा ‘तीन नंबरच्या मॅगझिनमध्ये अडकते’ एवढीच निघते.

चाप दाबला आणि काहीच झाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा. उशिराने पेटणारी गोळी क्वचित भेटते, पण भेटते.

आणि बार फुसका वाटला, नेहमीपेक्षा बारीक आवाज आला, धक्का जाणवलाच नाही, तर तिथेच काम बंद. बंदूक रिकामी करा, बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. १६ इंची नळीत कमकुवत गोळी मधेच अडकायला पिस्तुलाच्या ४ इंची नळीपेक्षा जास्त वाव असतो, आणि तिच्यामागे दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. या एका बाबतीत ‘आणखी एक मारून बघू’ चालत नाही.

असेच तत्काळ थांबायचे आणखी दोन प्रसंग आहेत. एकदा चाप दाबल्यावर दोन बार उडाले, किंवा पुंगळीच्या बुडाशी फुगवटा वा चीर दिसली. पहिल्यात चापाची यंत्रणा धरत नाही. अशी बंदूक वापरत राहिलात तर कायद्याचीही भानगड होऊ शकते. दुसऱ्यात बोल्ट पूर्ण बंद नसताना बार उडतोय किंवा तो फार लवकर उघडतोय. दोन्ही कामे गनस्मिथची.

मॅगझिन: अर्ध्याहून जास्त भानगडी इथेच

मॅगझिन नीट चढले आहे का, याची खूण सोपी आहे. वर ढकला, ‘खट्’ ऐका, मग खाली ओढून बघा. आता बंद बोल्टवर पूर्ण भरलेले मॅगझिन चढवा. सर्वांत वरची गोळी बोल्टच्या पोटाला टेकते, स्प्रिंग आणखी दबायला जागा नसते आणि मॅगझिनचा कॅच (मॅगझिन धरून ठेवणारी कळ) अर्धवट धरतो. पहिल्या बाराच्या धक्क्याने मॅगझिन दोन-तीन मिलिमीटर खाली सरकते, बोल्ट पुढच्या गोळीच्या वरून निघून जातो आणि रिकाम्या चेंबरवर (नळीतली गोळी बसायची जागा) बंद होतो. पुढचा चाप: ‘टिक्’. वरवर ही टोपीची (पुंगळीच्या बुडातल्या, पिनच्या फटक्याने पेटणाऱ्या भागाची) तक्रार वाटते, असते मॅगझिनची. उपाय: पूर्ण क्षमतेपेक्षा एक-दोन गोळ्या कमी भरा. १७ च्या मॅगझिनमध्ये १५ भरल्या तरी काही बिघडत नाही.

तरीही मॅगझिन खालीच बसत असेल तर मॅगझिनचा कॅच बघा. एआर-९ चा (म्हणजे ९ मिमीच्या एआरचा) कॅच धातूचा, ग्लॉक मॅगझिनवरची खाच प्लॅस्टिकची. बराच काळ वापरलेल्या मॅगझिनची खाच घासून गोलसर होते. ती नव्या मॅगझिनशेजारी धरली की कडेतला फरक लगेच दिसतो. खाच ठीक असेल आणि कॅच स्क्रूसारखा फिरवून बसवायचा असेल, तर एक फेरा आत घेऊन पुन्हा तपासा. कॅच जास्त आत गेला तर बटण दाबूनही मॅगझिन सुटणार नाही, म्हणून एका वेळी एकच फेरा.

वरची गोळी मॅगझिनमधून निघाली, पण टोक रॅम्पखाली (चेंबरकडे चढणाऱ्या उताराखाली) आपटून तिथेच रुतले, असे दिसले तर दोन शक्यता. एक, मॅगझिन खाली बसतेय, म्हणजे वरचीच कथा. दोन, मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे किंवा फॉलोअर (गोळ्यांखालची वर ढकलणारी पट्टी) वाकडा चढतोय, त्यामुळे गोळीचे नाक खाली झुकते. गोळ्या काढून फॉलोअर बोटाने खाली दाबा आणि हळूहळू सोडा. मधे कुठे अडखळला तर मॅगझिन खोला, आत कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका. तेलात बारूद आणि धूळ धरते. १० गोळ्यांची मर्यादा असलेल्या न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत मर्यादित क्षमतेची मॅगझिन वापरताना आतल्या अटकावावर स्प्रिंग किंवा फॉलोअर घासतोय का, तेही बघा. अटकावाला हात लावायचा नाही. घासत असेल तर मॅगझिन बदलायचे.

मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या दोन कडा, नखाने चाचपा. प्लॅस्टिकच्या ओठांना कोपऱ्यात केसासारखी चीर जाते, ती उजेडाकडे तिरके धरल्याशिवाय दिसत नाही. काँक्रीटवर भरलेले मॅगझिन ओठांवर पडले असेल तर ही तपासणी चुकवू नका. कोल्ट धाटणीच्या लोखंडी मॅगझिनचे ओठ पक्कडीने ‘सरळ’ करायचा मोह टाळा. एका बाजूचे साधले की दुसरी बाजू बिघडते, आणि बदली मॅगझिन सुट्या भागांपेक्षा फार महाग नसते. भरवशाच्या कामासाठी मूळ ग्लॉकचीच घ्या. स्वस्त नकली मॅगझिन सरावात मुद्दाम अडथळे शिकायला मात्र उत्तम.

गोळी: वजन, लांबी आणि ‘टक्’ चाचणी

९×१९ च्या गोळ्या साधारण ११५, १२४ आणि १४७ ग्रेनच्या मिळतात, म्हणजे सुमारे ७.५, ८ आणि ९.५ ग्रॅम. गोल नाकाची पूर्ण आवरणाची गोळी कुठल्याही रॅम्पवर चढते. स्वसंरक्षणाची पोकळ टोकाची गोळी रुंद तोंडाची असते, आणि रॅम्पचा कोन जरा उभा असला तर तिथेच अडते. म्हणून सरावाच्या गोळ्यांवर हजार बार नीट गेले, तरी पोकळ टोकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. रॅम्प स्वतः घासून ‘चकचकीत’ करायला बसू नका. कोन बदलला तर पुंगळीचा बुडाकडचा भाग उघडा पडतो. दुसऱ्या आकाराच्या नाकाची गोळी घेणे हा स्वस्त उपाय. पोकळीत पॉलिमरचे टोक भरलेल्या गोळ्या याच कारणाने बऱ्याच हट्टी कार्बाइनमध्ये चालून जातात.

बोल्ट दोन-तीन मिलिमीटर उघडा राहतोय, गोळी चेंबरमध्ये शेवटपर्यंत जात नाही, असे असेल तर ही चाचणी करा. बंदूक रिकामी करून वरचा भाग खालच्यापासून सोडवा, बोल्ट आणि चार्जिंग हँडल बाहेर काढा. नळीचे तोंड खाली करून गोळी हाताने चेंबरमध्ये सोडा. ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा, बोटाने गोळी सहज फिरायला हवी, आणि नळी उलटी केली की आपसूक बाहेर पडायला हवी. फिरत नसेल पण पडत असेल, तर गोळीचा खांदा नळीतल्या आट्यांना (पिळाच्या खाचांना) टेकतोय. काही नळ्यांचा घसा, म्हणजे चेंबर आणि आट्यांमधला भाग, आखूड असतो, तिथे बोथट नाकाच्या गोळ्या टेकतात. आत जातानाच ‘टक्’ न होता रुतत असेल तर चेंबर घाण आहे किंवा पुंगळीचे तोंड फुगलेले आहे.

घरी भरलेल्या गोळ्यांत हे हमखास होते. ९ मिमीची पुंगळी तोंडावर टेकून बसते, त्यामुळे तोंड बाहेर उमललेले राहता कामा नये. तोंडाशी साधारण ९.६० ते ९.६५ मिमी भरेल इतके आवळा. गोळीची पूर्ण लांबी २९.६९ मिमीच्या वर जाऊ देऊ नका, पुंगळी १९.१५ मिमीपेक्षा लांब नको. पुंगळ्या कुठून कुठून गोळा केलेल्या असतील तर बुडाचा फुगवटा साच्यातून गेलाय ना, हे गेजमध्ये टाकून बघा. स्वसंरक्षणासाठी मात्र घरी भरलेली गोळी ठेवू नये. कारखान्याचीच ठेवा.

बोल्ट, बफर आणि स्प्रिंग: जड की हलके?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, कारण दोन उलट्या कारणांची लक्षणे सारखी दिसतात. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही. बोल्ट मागे पोचतच नसेल तर थांबणार नाही, आणि फार वेगाने परत येत असेल तर बोल्ट कॅचला (बोल्टला मागे अडवणाऱ्या कळीला, मॅगझिनच्या कॅचला नव्हे) वर यायला वेळ मिळत नाही, तरीही थांबणार नाही. (सगळ्याच एआर-९ मध्ये शेवटच्या गोळीवर थांबण्याची सोय नसते. तुमच्या मॉडेलमध्ये ती आहे का, हे आधी पुस्तिकेत बघा.)

वेगळे कसे ओळखायचे? मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, चढवा, झाडा. असे पाच वेळा करा. पुंगळी कुठे पडते ते बघा. दीड-दोन मीटरवर, उजवीकडे थोडी मागे, एकाच ढिगात पडत असेल तर हिशोब जुळलेला आहे. पुंगळी पायाशी पडतेय किंवा खिडकीत उभी अडकतेय, बोल्ट थांबत नाही, तर तो पुरता मागे जात नाही. बफर फार जड, स्प्रिंग फार कडक किंवा गोळी फार मवाळ. पुंगळी पाच-सहा मीटर पुढे भिरकावली जातेय, तिच्या काठावर ओरखडे आहेत, धक्का ‘ठक-ठक’ असा दोनदा जाणवतो, तर बोल्ट फार वेगात आहे आणि वजन वाढवायला हवे. वेगवान बोल्टचे आणखी एक लक्षण: मॅगझिनला पुढची गोळी वर ढकलायला वेळ मिळत नाही आणि बोल्ट तिच्या पाठीवरून निघून जातो. मॅगझिन बदलून बघितले तरी हे होतच राहते, तेव्हा संशय इकडे वळवा.

वजनांचा अंदाज असा. ५.५६ (एआरच्या नेहमीच्या रायफल-गोळी) साठीचा नेहमीचा कार्बाइन बफर सुमारे ८५ ग्रॅम म्हणजे ३ औंसाचा असतो. ९ मिमीसाठी म्हणून विकला जाणारा १४० ते १७० ग्रॅमचा, आणि काही २२५ ग्रॅमच्याही वर. ५.५६ च्या सुट्या भागांतून जोडलेल्या कार्बाइनमध्ये ३ औंसाचा बफर तसाच राहून गेलेला असतो, हे फार वेळा आढळते. नवीन काही घेण्याआधी आपलाच बफर बाहेर काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा.

आता ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट, बोल्टचा प्रवास. बफरचे नळकांडे ५.५६ च्या हिशोबाने बनवलेले. ती गोळी ५७ मिमीहून लांब, ९ मिमीची ३० च्या आत. बोल्टला तेवढे मागे जायची गरजच नाही, पण आखूड बफर असेल तर तो जातो. बोल्ट कॅचच्या बराच मागे जाऊन तिथून वेग घेत पुढे येतो आणि कॅचवर आदळतो. काही शे बारांनी कॅचचा कान तुटतो. नवीन कॅच बसवला तरी तोही तुटतो, कारण दोष कॅचचा नसतोच. तपासायला बंदूक रिकामी करा, चार्जिंग हँडल पूर्ण मागे खेचून धरा, आणि कॅच व बोल्टच्या तोंडामधले अंतर बघा. दोन-तीन मिमी ठीक. बोट मावेल एवढी फट असेल तर जास्त.

यावर अमेरिकन रेंजवरचा जुना जुगाड म्हणजे पाव डॉलरची नाणी. एक नाणे १.७५ मिमी जाड, व्यास २४.२६ मिमी, नळकांड्याच्या तळाशी सपाट बसते. स्प्रिंग काढायची, एकेक नाणे आत सोडायचे, स्प्रिंग-बफर परत बसवून हाताने बोल्ट खेचून बघायचे. तीन-चार नाण्यांत सहसा अंतर ताळ्यावर येते. पाचवे घालताना सावध: बोल्ट कॅचच्या मागे जायचाच थांबला तर हौस महागात पडते. निदान म्हणून हे उत्तम. कायमचे म्हणून लांब ९ मिमी बफर किंवा तयार स्पेसर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी बंदूक उघडणाऱ्याला चिल्लर बाहेर पडल्याचे आश्चर्य वाटणार नाही.

वजन वाढवताना एका टप्प्यानेच जा, आणि प्रत्येक टप्प्यावर तीच एका गोळीची चाचणी, पण तुमच्याकडच्या सर्वांत मवाळ गोळीने. सर्वांत मवाळ गोळीवर बोल्ट थांबला आणि सर्वांत कडक गोळीवर पुंगळी सरळ राहिली, की पुढे हात लावू नका.

पुंगळी बाहेर पडत नाही

ब्लोबॅकमध्ये एक्स्ट्रॅक्टर (पुंगळीची कड पकडणारी नखी) तुटला तरी बंदूक बऱ्याचदा चालत राहते, कारण पुंगळी स्वतःच्या दाबाने मागे येते. म्हणून तुटका एक्स्ट्रॅक्टर बराच काळ लपून राहतो. त्याचे खरे काम दोन: पुंगळीला इजेक्टरवर (तिला बाहेर फेकणाऱ्या पट्टीवर) नेमकी आदळेपर्यंत धरून ठेवणे, आणि न उडालेली गोळी बाहेर ओढणे. पुंगळ्या चारी दिशांना पडतात आणि जिवंत गोळी बोल्ट खेचूनही चेंबरमध्येच राहते, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की एक्स्ट्रॅक्टरची नखी बघा. नखीखाली पितळेचा भुगा दाबून बसतो. लाकडी टूथपिकने उकरून काढा. नखीची कड गोलावली असेल किंवा स्प्रिंग बोटाने सहज दबत असेल तर दोन्ही बदला, सुटी स्प्रिंग चारदोन डॉलरची असते.

ग्लॉक मॅगझिनच्या बहुतेक एआर-९ मध्ये इजेक्टर खालच्या भागात घट्ट बसवलेली पट्टी असते, बोल्टच्या खाचेतून जाणारी. तिचा स्क्रू सैल झाला की पट्टी किंचित तिरकी होते. बोल्टच्या खाचेत एका बाजूला चमकदार घासलेली रेघ दिसली तर नेमके हेच. स्क्रू काढा, तेल पुसा, निळे लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब, परत घट्ट करून रात्रभर सोडा. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढे काढताना पट्टी वाकते.

नुसता ‘टिक्’

न उडालेल्या गोळीच्या टोपीवरची खूण बघा. खूणच नसेल तर बोल्टने गोळी उचललीच नाही, किंवा फायरिंग पिन तुटली. खूण उथळ असेल तर तीच गोळी पुन्हा चेंबरमध्ये घालून एकदा मारा. दुसऱ्या फटक्यात उडाली तर तीन कारणे शक्य: टोपी पुरती आत बसलेली नव्हती, हॅमरची स्प्रिंग मवाळ, किंवा बोल्ट पूर्ण बंद नव्हता आणि हॅमरची अर्धी ताकद त्याला पुढे ढकलण्यातच गेली. चाप हलका करायला बसवलेली कमी जोराची स्प्रिंग हे सर्वांत नेहमीचे कारण. कागदी लक्ष्यावर तो हलका चाप छान वाटतो, पण घरासाठीच्या बंदुकीत मूळ जोराची स्प्रिंग परत बसवा. शिवाय हॅमर आणि चाप ब्लोबॅक ९ मिमीला चालणारे आहेत का ते बघा. जड बोल्टच्या आदळण्याने हॅमरच्या पिना तुटतात, म्हणून ९ मिमीसाठीचे हॅमर वेगळ्या आकाराचे असतात.

फायरिंग पिनच्या वाटेत तेल ओतू नका. काजळी त्यात कालवली की तिची लापशी होते आणि पिन जड चालते. मिनेसोटाच्या जानेवारीत तर ती गोठल्यासारखी घट्ट होते.

साफसफाई, थोडक्यात

दर ३०० ते ५०० बारांनी चेंबर आणि बोल्टचे तोंड. चेंबर नळीपेक्षा रुंद असते, म्हणून ९ मिमीचा ब्रश आत नुसता फिरतो; .४० चा ब्रॉन्झ ब्रश घ्या. बोल्टच्या घासणाऱ्या कडांना तेलाचा पातळ थर, थंडीत ग्रीस नको. साफसफाईनंतर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, त्या काजळीत शिसे असते. चहाचा कप त्या टेबलावर नको.

दुसऱ्या मॉडेलांबद्दल

रूगर पीसी कार्बाइनमध्ये मॅगझिनची विहीर बदलता येते. तक्रार बहुधा विहीर एकाची, मॅगझिन दुसऱ्याचे, किंवा विहीर नीट न बसलेली. नळी सुटी होणारी असल्याने नेम सरकत असेल तर जोडाची कडी पुन्हा घट्ट करा. सीझेड स्कॉर्पियनमध्ये आधी मॅगझिनच्या ओठांच्या चिरा बघा. सिग एमपीएक्स ब्लोबॅक नाही. तिचा बोल्ट फिरून कुलूपबंद होतो आणि गॅस पिस्टनने उघडतो, म्हणून वरचे बफरचे गणित तिला लागू नाही. ती कोरडी पडली की सुस्तावते, बोल्टला तेल द्या. एमपी-५ घराण्यातल्या रोलरवाल्या बंदुकांत बोल्टची फट फीलर गेजने मोजा. ०.२५ ते ०.५० मिमी हवी, कमी झाली की मोठ्या मापाचे रोलर बसवायला द्या.

घरात ठेवायची असेल तर

कुलूपबंद, पण पटकन उघडणाऱ्या तिजोरीत. चेंबर रिकामे, बोल्ट बंद, मॅगझिन चढवलेले. घरात मुले असोत वा नसोत, तिजोरीला कुलूप हवेच.

ज्या मॅगझिनवर रात्री विसंबणार आहात त्यातून तीच पोकळ टोकाची गोळी निदान दोनदा पूर्ण भरून झाडलेली असावी, आणि एकूण २०० बार तरी एकही अडथळा न येता गेलेले असावेत. मधे एकदा अडकली, कारण सापडले, दुरुस्ती झाली, की मोजणी शून्यापासून. २०० पोकळ टोकाच्या गोळ्या स्वस्त नसतात हे खरे, पण चाचणीचा खर्च बंदुकीच्या किमतीतच धरायचा असतो.

सर्वांत जास्त घडणारी चूक हातातून होते. रात्री खुट्ट वाजले, घरच्यांना जाग येऊ नये म्हणून बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडला. ब्लोबॅकच्या बोल्टला तो वेगच लागतो, हळू सोडला की गोळी अर्धवट बसते आणि बोल्ट दोन मिमी उघडा राहतो. एआर-९ मध्ये तो पुढे ढकलायला बहुधा बटणही नसते. पूर्ण मागे खेचा आणि सोडून द्या, आवाज होऊ दे. सरावातही तसेच करा, नाहीतर हात रात्री वेगळे काही करतील.

सरावात डमी गोळ्या दुसऱ्याकडून मॅगझिनमध्ये मधेच घालून घ्या, म्हणजे कधी अडणार ते कळत नाही. ‘टिक्’ झाले तर मॅगझिनला खालून थाप, खेचा, सोडा. दोन गोळ्या एकदम घुसून अडकल्या तर थाप उपयोगाची नाही: बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, बोल्ट तीनदा खेचा, नवे मॅगझिन, पुन्हा खेचा.

रेड डॉटच्या (लाल ठिपक्याच्या नेमयंत्राच्या) आणि टॉर्चच्या स्क्रूंवर पेंटची एक रेघ ओढून ठेवा, स्क्रूवरून खालच्या धातूपर्यंत. ब्लोबॅकचा हादरा त्यांना हळूहळू सोडवतो, आणि रेघ मोडलेली दिसली की पान्याशिवायही कळते.

तिजोरीतून काढून रेंजवर नेताना आणि परत ठेवताना तीच वरची गोळी दरवेळी चेंबरमध्ये जात असेल, तर प्रत्येक वेळी बोल्टच्या तडाख्याने ती पुंगळीत थोडी आत दबते. आत दबली की बाराचा दाब वाढतो. महिन्यातून एकदा ती काढून त्याच डब्यातल्या नव्या गोळीशेजारी सपाट टेबलावर उभी करा. डोळ्याला बुटकी दिसली, की ती झाडायची नाही, रेंजवरच्या निकामी गोळ्यांच्या डब्यात टाकायची.